स्पर्धेचा रोबो : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात ‘रोबोकॉन’ या विद्यार्थ्यांच्या रोबो बांधण्याच्या स्पर्धेची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर राज्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना २००२ सालापासून ही स्पर्धा भरवते आणि भारतातील राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होते. ही फेरी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात अनेक वर्षे होत असे, त्यामुळे महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत या स्पर्धेची परंपरा चांगलीच रुजली आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला ‘गोविंदा’ होता. २०२२ साली ती दिल्लीत झाली तेव्हा ‘लगोरी’. आलेल्या पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून आणि मजकूर थोडा आटोपता करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी असून आमच्या महाविद्यालयाचा संघ प्रथमच उतरत आहे. नियमपुस्तिका हाती आली आहे. संघातील काहींना लगेच संगणकावर आराखडा काढायला घ्यावा असे वाटते, तर काहींचे म्हणणे असे की सर्व यंत्रणांचा विचार पूर्ण झाल्याशिवाय कशालाच हात लावू नये. सुरुवात कोठून करावी?
— संघप्रमुख, सांगली

उत्तर : सुरुवात नियमपुस्तिकेच्या सावकाश वाचनाने करावी, आणि त्याच आठवड्यात प्लायवूड व पुठ्ठा घेऊन हातानेही कामाला लागावे. नियमपुस्तिका संघातील प्रत्येकाने, ज्याच्याकडे केवळ वायरिंग आहे त्यानेसुद्धा, एकट्याने बसून वाचावी आणि काय केलेच पाहिजे, काय करण्याची मुभा आहे व काय केल्यास संघ बाद होतो, हे आपल्या शब्दांत लिहून काढावे. मग सर्वांची टिपणे शेजारी ठेवावीत. एखादे कलम दोघांना दोन तऱ्हांनी कळले आहे, हे त्यात हमखास आढळते, आणि ते पंचांसमोर उघड होण्यापेक्षा आत्ता उघड झालेले बरे.

आकडे शब्दशः तपासावेत. विजेची मर्यादा २४ व्होल्ट लिहिली असेल, तर ती नामांकित व्होल्टेजची आहे की मीटरवर मोजलेल्या व्होल्टेजची, हे पाहिले पाहिजे, कारण सहा सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचे नामांकित व्होल्टेज २२.२ असले तरी पूर्ण चार्ज झाल्यावर तीच बॅटरी २५.२ दाखवते. शंका असल्यास आयोजकांना लेखी विचारावे. त्यांनी इतर संघांना दिलेली उत्तरेही नियमाइतकीच बंधनकारक समजावीत.

त्यानंतर गुणांचा हिशेब करावा. समजा, एका कामाला ३० गुण आहेत, पण त्याला ४० सेकंद लागतात आणि ते दहांतून चार वेळाच साधते. दुसऱ्या कामाला १० गुण, ८ सेकंद, आणि ते दहांतून नऊ वेळा साधते. पहिल्यातून सेकंदाला सरासरी ०.३ गुण मिळतात, दुसऱ्यातून १.१ हून अधिक. हा तक्ता भिंतीवर लावला की कोणती यंत्रणा आधी बांधायची आणि कोणती या वर्षी सोडून द्यायची, यावर वाद फारसा उरत नाही. नव्या संघांना सोडून देणे जड जाते, परंतु दोन कामे न चुकता करणारा रोबो पाच कामे कधीमधी करणाऱ्या रोबोला हरवतो, हे या स्पर्धेत पुन्हा पुन्हा दिसते.

माझा खरा आग्रह वेळेच्या वाटणीबद्दल आहे. हाती असलेल्या काळाचा निम्मा भाग पूर्ण बांधलेल्या रोबोसह सराव करण्यासाठी राखून ठेवावा. आठ महिने असतील तर चौथा महिना संपताना रोबो, मग तो कितीही ओबडधोबड असो, मैदानाच्या प्रतिकृतीवर एक अख्खा डाव खेळला पाहिजे. स्क्रू सैल होणे, पट्टा ताणला जाणे, वायर चाकाजवळ घासून सोलणे, चालवणाऱ्याचा अंगठा घाईत चुकीच्या बटणावर पडणे, यांतले काहीही संगणकावरील आराखड्यात दिसत नाही. ते रोबो शंभरदा चालल्यावरच दिसते. म्हणून चाकांसह चालणारा तळ, ज्याला मुले ‘बेस’ म्हणतात, तो पहिल्या चार आठवड्यांत जमिनीवर फिरू लागावा, आणि यंत्रणा प्लायवूडच्या स्वरूपात त्यावर बसवून पाहाव्यात. जी कल्पना प्लायवूडमध्ये निम्म्या वेळा तरी चालते, तिचाच नेटका आराखडा करून अ‍ॅल्युमिनियममध्ये बांधावी.

पूर्ण मैदान बांधणे बहुतेकांना परवडत नाही. रोबो जेथे वस्तू उचलतो किंवा ठेवतो तेवढाच भाग नेमक्या मापात बांधावा, मात्र पृष्ठभाग रंगवलेल्या प्लायवूडचाच असावा. वर्गातील टाइल्सवर चाकांची पकड वेगळी असते, आणि तिच्यावर बसवलेले वेगाचे सगळे आकडे स्पर्धेत फसतात.

प्रश्न : दुकानदार मोटारीचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि किलो-सेंटिमीटरमधील टॉर्क (फिरवण्याचा जोर) सांगतो. आमच्या रोबोला चार ओम्नी चाके (परिघावरच्या छोट्या रोलरमुळे आडवीही सरकणारी) कोपऱ्यांवर ४५ अंशांत बसवायची आहेत. कोणती मोटार घ्यावी, हे कशावरून ठरवावे?
— यंत्र अभियांत्रिकी, तृतीय वर्ष, रत्नागिरी

उत्तर : दुकानात जाण्यापूर्वी तीन आकडे ठरवावे लागतात : रोबोचे वजन, हवा असलेला वेग, आणि तो वेग किती झटपट गाठायचा ते. आपल्या पत्रात हे आकडे नाहीत, म्हणून उदाहरणादाखल २० किलो वजन, सेकंदाला २ मीटर वेग आणि एका सेकंदात तो गाठणारे त्वरण धरू. यासाठी पुढे ढकलणारे बल ४० न्यूटन हवे. चाके ४५ अंशांत असल्याने प्रत्येक चाकाच्या बलाचा सुमारे ७० टक्केच भाग पुढच्या दिशेने कामी येतो, त्यामुळे चार चाकांपैकी प्रत्येकाने १४ न्यूटनहून थोडे अधिक बल दिले पाहिजे. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर असल्यास त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणजे टॉर्क ०.७ न्यूटन-मीटर. एक न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-सेंटिमीटर, म्हणून दुकानदाराच्या भाषेत हे ७.२ किलो-सेंटिमीटर झाले. त्याच मांडणीमुळे चाकाचा परिघावरील वेग २ मीटरऐवजी १.४ मीटर पुरतो आणि चाकाला मिनिटाला २७० फेरे घ्यावे लागतात.

नेमकी चूक येथे होते. मोटारीवर छापलेले आरपीएम बहुधा बिनभाराचे असते आणि मोठ्या अक्षरांतला टॉर्क बहुधा जाम झालेल्या, म्हणजे स्टॉल स्थितीतला असतो. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. डीसी मोटारीवरील भार वाढतो तसा वेग सरळ रेषेत उतरतो. स्टॉल टॉर्कच्या एक-चतुर्थांश भारावर मोटार चालवली, तर बिनभाराच्या वेगाच्या तीन-चतुर्थांश वेग मिळतो, आणि मोटार फार तापतही नाही. त्या हिशेबाने आपल्याला स्टॉल टॉर्क सुमारे ३० किलो-सेंटिमीटर आणि बिनभाराचे आरपीएम ३६० च्या आसपास असलेली मोटार पाहावी लागेल. मोटार ड्रायव्हर, म्हणजे मोटारीला वीज पुरवणारे सर्किट, मात्र स्टॉलच्या करंटवरून निवडावा, कारण समोरच्या रोबोला धडकून चाके अडली की तोच करंट वाहतो.

चार चाकांबद्दल एक सूचना. सांगाडा ताठ असेल आणि जमीन जराशी उंचसखल असेल, तर चारांपैकी एक चाक अर्धवट हवेत राहते, त्याचा एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारे उपकरण) फिरत राहतो, आणि आपण पुढे गेलो असे रोबोला उगाच वाटते. तीन चाके १२० अंशांवर बसवली तर तिन्ही नेहमी जमिनीला टेकतात. ज्या रोबोला कोणाशी ढकलाढकली करायची नाही त्याला मी तीन चाकेच सुचवीन. चारच ठेवायची असतील तर अंतर मोजण्यासाठी मोटारीशी न जोडलेली, हलक्या स्प्रिंगने जमिनीवर दाबलेली दोन छोटी मोकळी चाके बसवून एन्कोडर त्यांवर लावावेत.

प्रश्न : सांगाडा लोखंडाचा करावा की अ‍ॅल्युमिनियमचा? आमच्याकडे थ्री-डी प्रिंटरही आहे, त्यावर किती भिस्त ठेवावी?
— अहिल्यानगर

उत्तर : एक इंच चौरस आणि दीड मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पाइपचे वजन मीटरला सुमारे ३९० ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाच्या लोखंडी पाइपचे १.१ किलोहून अधिक. वजनाची मर्यादा असलेल्या खेळात उत्तर यातच आले. लोखंड वेल्डिंग करून कोणत्याही गावात जोडून मिळते हा त्याचा मोठा गुण आहे, म्हणून पहिला कच्चा बेस लोखंडाचा करायला माझी हरकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग मात्र नेहमीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेऊ नये. कोपऱ्याला त्रिकोणी पट्ट्या लावून नट-बोल्ट किंवा रिव्हेटने जोडावे, आणि जेथे धक्के बसतात तेथे नायलॉन आतल्या बाजूस असलेले लॉकनट वापरावेत.

प्रिंटरवर सेन्सरचे कंस, वायरींच्या खोबणी, चेंडू अडवणाऱ्या पट्ट्या असे भाग खुशाल करावेत. चाकाचे हब, मोटारीचा माउंट किंवा फेकीचा हात यांसाठी तो भरवशाचा नाही. पीएलए हे नेहमीचे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला भाग वाकून बाहेर येतो आणि तापलेल्या मोटारीला चिकटलेला माउंट हळूहळू तिरका होतो.

चाक शाफ्टवर कसे धरले आहे याकडे सर्वांत बारकाईने पाहावे. गोल शाफ्टवर नुसता ग्रब स्क्रू (डोके नसलेला छोटा स्क्रू) आवळला, तर तो सुरुवातीला घट्ट वाटतो. पण रोबो पुढे-मागे झटके घेऊ लागला की स्क्रूचे टोक शाफ्टवर घासून चकचकीत कडे पाडते, आणि मग मोटार फिरते पण चाक अधूनमधून मागे राहते. बाहेरून हा दोष प्रोग्रॅमचा वाटतो, आणि प्रोग्रॅम लिहिणारी मुले त्यात दोन-दोन रात्री घालवतात. शाफ्ट आणि हब दोन्हींवर पेनने एक सरळ रेघ मारावी आणि दहा मिनिटे रोबो चालवून पाहावा. रेघ तुटली असेल तर दोष तेथेच आहे. शाफ्टला कानशीने सपाट बाजू करून स्क्रू तिच्यावर आवळावा, थ्रेडला लॉक करणारे द्रावण लावावे, आणि शक्य असेल तर लेथवाल्याकडून चावीची खाच पाडून घ्यावी.

प्रश्न : रोबो बाकी सर्व ठीक चालतो, परंतु चारही मोटारी एकदम सुरू झाल्या किंवा हवेचा व्हॉल्व्ह बंद झाला की कंट्रोलर बोर्ड रीसेट होतो. बोर्ड बदलून पाहिले, फरक पडला नाही.
— इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे निदान सोपे झाले. हे दोन स्वतंत्र दोष आहेत.

पहिला दोष व्होल्टेज बसण्याचा. थांबलेली मोटार सुरू होण्याच्या क्षणी स्टॉलइतकाच करंट ओढते. चार मोटारींनी मिळून ६० अ‍ॅम्पियर ओढले आणि बॅटरी, वायर, स्विच व कनेक्टर यांचा एकूण रोध ०.१ ओहम असला, तरी ६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या बॅटरीचे बोर्डापाशी सहाच उरतात, आणि ७८०५ सारख्या रेग्युलेटरला पाच व्होल्ट देण्यासाठी सुमारे सात तरी लागतात. उपाय सोपे आहेत. मुख्य वायर जाड घ्यावी, तिची लांबी कमी करावी, कनेक्टर जास्त करंटचे वापरावेत, कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी द्यावी आणि दोन्ही बॅटऱ्यांचे ग्राउंड एकाच बिंदूवर जोडावेत. शिवाय प्रोग्रॅममध्ये मोटारींचा वेग एकदम न देता पाव सेकंदात चढवावा, म्हणजे चाकेही घसरणार नाहीत.

दुसरा दोष व्हॉल्व्हच्या कॉइलचा आहे. कॉइलमधील प्रवाह तोडला की ती उलट दिशेने मोठा व्होल्टेजचा झटका देते, आणि त्याला वाट न मिळाल्यास तो ट्रान्झिस्टरमधून आणि ग्राउंडच्या वायरीतून बोर्डापर्यंत पोहोचतो. प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांवर एक १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे त्याची पांढरी रेघ असलेली बाजू धन टोकाला, सोल्डर करावा; तो कॉइलच्या अगदी जवळ असावा, बोर्डाजवळ नव्हे. डायोडची किंमत काही रुपये आहे. एन्कोडरच्या वायरी मोटारीच्या वायरींबरोबर एकाच गुंडाळीत बांधल्या असतील तर त्याही वेगळ्या कराव्यात, आणि सिग्नल व ग्राउंड यांची वायर पीळ देऊन न्यावी.

रीसेट झाल्याची नोंद बोर्डानेच ठेवावी, अशी सोय बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये असते. व्होल्टेज बसल्याने रीसेट झाला की वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकल्यास बोर्ड पुन्हा सुरू करणाऱ्या सोयीने) केला, हे त्यावरून वाचता येते, आणि अंदाजाने बोर्ड बदलण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : आमचा रोबो फिरत्या चाकांनी चेंडू सहा मीटरवर फेकतो. सकाळी नेम अचूक बसतो, थोड्या वेळाने चेंडू कमी पडू लागतो. दुसरा रोबो हवेच्या सिलिंडरने फेकतो, त्याचेही तसेच. कोणती पद्धत चांगली?
— नाशिक

उत्तर : पद्धती दोन्ही चांगल्या आहेत, आपल्या दोन्ही रोबोंमध्ये फेकीची ऊर्जा मात्र मोजून दिलेली नाही. चेंडू जेवढे अंतर जातो ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग एका टक्क्याने घटला की अंतर दोन टक्क्यांनी, म्हणजे सहा मीटरवर १२ सेंटिमीटरने घटते. बॅटरी उतरत जाते तसे फिरत्या चाकांचे आरपीएम एका टक्क्याहून कितीतरी अधिक पडते. म्हणून मोटारीला ठरावीक पीडब्ल्यूएम (चालू-बंद ठोक्यांनी ठरणारा वीजपुरवठा) देणे सोडून, एन्कोडरने आरपीएम मोजून पीआयडी नियंत्रणाने, म्हणजे पडलेला फरक पाहून वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीने, तो स्थिर ठेवावा आणि आरपीएम ठरल्या पट्ट्यात आल्याशिवाय चेंडू आत सोडूच नये. एका चेंडूनंतर चाकांचा वेग खाली येतो, तो पुन्हा चढायला किती वेळ लागतो हे मोजून दोन फेकींमधला वेळ ठरवावा. चाकांना जड कडे बसवले तर ही घट कमी होते, पण सुरुवातीला वेग घ्यायला वेळ जास्त लागतो.

हवेच्या फेकीत दाबाची हवा साठवणाऱ्या बाटल्यांकडे पाहावे. दोन लिटरच्या एकाच बाटलीतून ३२ मिलिमीटर व्यास आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकचा (दांडा सरकण्याच्या अंतराचा) सिलिंडर चालवला, तर दर फेकीला सिलिंडरची ०.१६ लिटर जागा हवेने भरते, आणि सहा बारवर सुरू झालेला दाब पाच फेकींनंतर चार बारच्याही खाली येतो. त्याच मापाच्या तीन बाटल्या सहा बारवर भरून मध्ये रेग्युलेटर चार बारवर लावला, तर पंधराएक फेका सारख्याच दाबाने मिळतात. नियमांत हवेची मर्यादा ६०० किलोपास्कल, म्हणजे सहा बार, असते, म्हणून बाटल्या त्याहून जास्त भरण्याचा मार्ग बंद आहे. बाटल्यांवर ओरखडा किंवा चुरगळ असेल तर त्या टाकून द्याव्यात.

कोनाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. चेंडू सुटण्याची आणि पडण्याची उंची जवळपास सारखी असेल, तर ४५ अंशांच्या आसपास कोनातील लहानशी चूक अंतरावर फारसा परिणाम करत नाही. सपाट फेकीत मात्र एका अंशाचा फरकही जाणवतो. यंत्रणा जराशी ढिली असणाऱ्या संघाने तर उंच फेकच निवडावी.

चेंडूही तपासावेत. नवा आणि वापरून गुळगुळीत झालेला चेंडू एकाच चाकातून निरनिराळ्या वेगाने सुटतात, त्यामुळे सरावासाठीचे चेंडू क्रमांक घालून ठेवावेत आणि प्रत्येक फेकीची नोंद वहीत करावी.

प्रश्न : व्हिएतनाम, चीन, जपान येथील संघांच्या चित्रफिती पाहून तशीच यंत्रणा बांधणे गैर आहे का?
— अमरावती

उत्तर : पाहून शिकणे मुळीच गैर नाही. पण चित्रफितीत अनेक महिन्यांच्या दुरुस्त्यांनंतरचे शेवटचे रूप दिसते. कोणता भाग कशासाठी तसा केला, हे दिसत नाही. त्या यंत्रणेतील मोटार, चाकाचे रबर आणि प्रोग्रॅम आपल्याजवळ नसतात, म्हणून हुबेहूब बांधलेली वस्तू निराश करते. तत्त्व घ्यावे आणि मापे आपली काढावीत. मला खरोखर खटकते ते पैसे देऊन बाहेरून रोबो बांधून घेणे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या लेथवर आपल्या ड्रॉइंगप्रमाणे भाग कातून घेणे वेगळे. त्यात बेअरिंगच्या भोकाला किती शतांश मिलिमीटरची सूट द्यायची, हे कारागिराशी उभ्याउभ्या बोलून शिकता येते. असे शिकणे कोणत्याही प्रात्यक्षिकाच्या तासाला मिळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयाच्या संघात आहे. तो रात्री एक-दोनपर्यंत कार्यशाळेत असतो. बॅटऱ्यांना आग लागते असेही ऐकले आहे. सत्र परीक्षा जवळ आली आहे. त्याला थांबवावे का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे, आणि तिच्यातील बॅटरीचा भाग तर मुलांनीही गांभीर्याने घेतला पाहिजे. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगलेली असेल, तिला टोचले असेल, किंवा ती नजरेआड चार्जिंगला लावून मुले जेवायला गेली असतील, तर आग लागण्याचा धोका खरोखरच असतो. मुलाला थांबवण्याऐवजी त्याला काही गोष्टी स्पष्ट विचारा. चार्जिंग बॅलन्स चार्जरवरच (प्रत्येक सेल सारखा चार्ज करणाऱ्या) होते का, तेथे कायम कोणी बसलेले असते का, बॅटरी अग्निरोधक पिशवीत ठेवून चार्ज होते का, जवळ वाळूची बादली आहे का, कटर आणि ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर चष्मा असतो का, आणि रात्री कोणी शिक्षक किंवा प्रयोगशाळा सहायक हजर असतात का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर विभागप्रमुखांना पत्र लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

जागरणाबद्दल माझे मत संघांना आवडत नाही, तरी ते ठाम आहे. रात्री बारानंतर केलेली वायरिंग दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. धन आणि ऋण टोके उलटी लागणे, ड्रायव्हर जळणे, बोट कापणे हे बहुधा त्याच वेळी होते. ज्या संघाचे वेळापत्रक नीट आखलेले असते त्याला परीक्षेच्या काळात कार्यशाळा पूर्ण बंद ठेवता येते, आणि आपल्या मुलाच्या संघाने तसे करावे, असे आपण त्याला माझ्या वतीने जरूर सांगा. स्पर्धा मात्र सोडायला लावू नका. तो तेथे जे काम करत आहे ते त्याच्याच अभ्यासक्रमातले आहे, फक्त पुस्तकातून हातात आलेले.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. मुलांना अशा स्पर्धेची गोडी लावायची आहे. निधी जवळजवळ नाही.
— शिक्षक, भंडारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपल्या तालुक्यात नीती आयोगाच्या योजनेतील अटल टिंकरिंग लॅब असलेली शाळा आहे का ते पाहावे. ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे, आणि शेजारच्या शाळेच्या मुलांना प्रयोगशाळा वापरू देण्याची विनंती मुख्याध्यापकांना करता येते. तोवर छोट्या गिअर मोटारी दोन, जुन्या मोबाइल चार्जरचे पाच व्होल्ट, दोन साधे टू-वे स्विच आणि पुठ्ठ्याचा तळ, एवढ्यावर वायरने चालणारी गाडी होते. वर्गातल्या फरशीवर खडूने मैदान आखावे, बाटल्यांची झाकणे एका चौकोनातून दुसऱ्यात नेण्याचा खेळ ठेवावा आणि नियम मुलांनाच लिहायला लावावेत. दुसऱ्या गटाने नियमातली पळवाट शोधली की मुले नियम पुन्हा लिहायला बसतात, आणि त्या वेळी त्यांनी केलेला विचार पुढे कोणत्याही स्पर्धेत उपयोगी पडतो. प्रोग्रॅमिंग नववीत आणले तरी चालेल.

प्रश्न : राष्ट्रीय फेरीसाठी दिल्लीला जाताना रोबो सुखरूप कसा न्यावा? सोबत काय घ्यावे?
— पुणे

उत्तर : रोबोचा आराखडा करतानाच तो तीन-चार भागांत सुटा होईल अशी आखणी करावी, प्रत्येक जोडावर क्रमांक घालावा, आणि सुटा करून पुन्हा जोडून चालता करण्याचा सराव निघण्यापूर्वी घड्याळ लावून करावा. पेटी प्लायवूडची असावी, आत फोम असावा, आणि रोबोचे वजन चाकांवर न येता सांगाड्यावर यावे, नाहीतर प्रवासातील हादऱ्यांनी शाफ्ट वाकतात. बाटल्यांतील हवा पूर्ण सोडून द्यावी. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून नेऊ नयेत. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून टोके टेपने झाकावीत. कोणी विमानाने जाणार असेल तर त्याने लक्षात ठेवावे की सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, आणि १०० वॉट-तासांपेक्षा मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. सहा सेलची ५ अ‍ॅम्पियर-तासांची बॅटरी १११ वॉट-तास भरते, म्हणजे ती या मर्यादेबाहेर आहे.

सोबत प्रत्येक प्रकारची एक मोटार, दोन ड्रायव्हर, प्रोग्रॅम भरून ठेवलेला एक कंट्रोलर बोर्ड, फ्यूज, डायोड, हवेच्या नळ्या व जोड, सोल्डरिंगचे साहित्य आणि एक्स्टेन्शन बोर्ड असावा. चालत्या प्रोग्रॅमची प्रत दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर ठेवावी आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यापासून त्यात काहीही नवीन घालू नये. वजनाची तपासणी तेथील काट्यावर होते, म्हणून आपल्या काट्यावर मर्यादेपेक्षा निदान अर्धा किलो कमी भरेल असे पाहावे. तेथे पोहोचल्यावर पहिल्या सराव-वेळेत गुण मिळवण्याचा प्रयत्न न करता प्रकाश आणि जमीन तपासावी : रेषा ओळखणारे सेन्सर तेथील दिव्यांखाली पुन्हा कॅलिब्रेट करावेत, चाके पुसून पकड पाहावी, आणि मगच फेकीचे आकडे बदलायचे की नाही ते ठरवावे.